वाढणे

बी.ए.च्या वर्गात आमच्या सरांनी एकदा फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद लिहिलं, ‘क्लीव्ह’. म्हणाले, याचा अर्थ चिरणे; आणि याचाच अर्थ चिकटून राहणे. लाकूड चिरतात ते क्लीव्ह. आणि बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीशी जडतो, तेही क्लीव्हच. गाईचा दुभंगलेला खूर ‘क्लोव्हन’, जन्मतः दुभंगलेला ओठ ‘क्लेफ्ट’, ही चिरण्याची रूपं. मुळात हे दोन वेगळे जुने शब्द. बोलता बोलता त्यांचे उच्चार एक झाले. म्हणजे निव्वळ अपघात.

आम्ही नाना पेठेतल्या वाड्यात राहायचो. घरी दखनी, दाराबाहेर मराठी. आईला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, ‘शेजारच्या काकू क्या बोलते, सुन ना.’

खरंच की! काकू ताटात भात वाढत. मुलं वाढली म्हणत. देवापुढे नारळ मात्र ‘वाढवत’, म्हणजे फोडत. बांगडी पिचली तर ‘वाढवली’ म्हणत. आईही बांगडी ‘टूटी’ म्हणायची नाही, ‘ठंडी हुई’ म्हणायची. दिवा विझवायचा तर ‘दिया बढा दो’. इथे अपघात नव्हता. फुटणं, विझणं हे शब्द या बायकांना तोंडातून काढवतच नव्हते.

पुढे वडील गेले. बांगड्या फोडा असं आमच्या धर्मात कुठे सांगितलेलं नाही. पण वाड्याची रीत आमच्याही अंगवळणी पडली होती. काकूंनी आईचे हात हातात घेतले. ‘वाढवूया आता,’ त्या म्हणाल्या. ‘ठंडे कर दो,’ आई म्हणाली. शब्द किती मऊ! काच मात्र काचच. आईच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

त्या दोन शब्दांवर मी कविता लिहिली. लोकांना ती आवडली. आईचा हात मागे घ्यावा, हे मात्र त्या वेळी सुचलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. मी वाचलेल्या बातमीत ‘फोडणे’ असंच लिहिलं होतं. आडपडदा नाही. ती मी दोनदा वाचली.

नारळ खुशाल वाढवावा. ताटात वाढावं, मुलं वाढावीत. पण बाईच्या हातातली बांगडी फोडताना ‘फोडतो’ असंच म्हणावं. तो शब्द ऐकून तरी एखादा हात थांबेल.