समुद्रातले इवलेसे जीव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“या वयात पाण्याखाली जाऊन तुम्ही पाहता तरी काय?” असे मला पुष्कळजणी विचारतात. त्याचे उत्तर आज देते.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात खडक आहेत, प्रवाळ आहे. तेथील काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाठीवर हवेची टाकी आणि हातात जलरोधक पेटीतला कॅमेरा घेऊन मी तेथे उतरते. पहिला नियम असा की श्वास रोखून धरायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तेथली हवा छातीत कोंडून वर आले, तर ती फुगून फुप्फुसांना इजा होते.

मोठे मासे सर्वांनाच दिसतात. माझे मन रमते ते बोटाच्या पेराएवढ्या जिवांत. मोठेपणी शंख न उरणारी एक समुद्री गोगलगाय असते. डोक्यावर वास घेणारी दोन शिंगे, पाठीवर फुलासारखे उघडे कल्ले! पाण्यात तांबडा रंग सर्वांआधी नाहीसा होतो, म्हणून तांबडी गोगलगायही मळकट दिसते. बॅटरीचा झोत टाकला की कुंकवासारखी उजळते.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक स्पंजावर बसलेली दिसली. पाणी गढूळ होते. बरोबरच्या गृहस्थांनी खुणेने सुचविले, काडीने उचलून स्वच्छ खडकावर ठेवू, फोटो छान येईल. मी हातानेच ‘नको’ म्हटले. तो स्पंज म्हणजे तिचे वाढलेले ताट! यांतल्या कित्येक जातींना ठराविकच स्पंज चालतो. एकदा हलविली की तो पुन्हा सापडेलच असे नाही. शिवाय डिवचले की ती पाठीवरचे फूल आत ओढून घेते. मी खडकाला न टेकता, संथ श्वास घेत थांबले. फोटो जरा धूसर आला, पण फूल पुरते उमललेले आहे. मंडळाच्या फळ्यावर तो लावला आहे, अवश्य पाहा.

पोहता न येणाऱ्या भगिनींनीही खंत करू नये. ओहोटीच्या वेळी मुलानातवंडांना घेऊन खडकांतल्या डबक्यापाशी स्वस्थ बसावे. दगड उलटलाच, तर अलगद होता तसा ठेवावा. जीव घरी आणू नये. फोटो आपल्याला आठवणीसाठी हवा असतो, त्या जिवाला मात्र तेथेच संसार करायचा असतो.