तैलरंगातील समुद्र आणि आपले पाणी



अल मवालेहहून उत्तरेस थोडे गेले की ओमानचे आखात लागते. उन्हाळ्यातील दमट हवेने तेथील क्षितिज पांढुरके होते. पाणी कोठे संपले व आकाश कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. हलणारे पाणी आणि ही धूसर हवा चित्रकार स्थिर कापडावर कशी आणतो, याविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

जवसाच्या तेलात कालवलेला रंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तो सावकाश घट्ट होतो. म्हणून ओल्या रंगात ओला रंग मिसळून क्षितिजाची कड विरघळविता येते. वाळलेल्या रंगावर पातळ, पारदर्शक थर दिला की प्रकाश आतून परतल्यासारखा भासतो आणि लाटेचे पोट सजीव दिसते. फेसासाठी मात्र जाड रंग सुरीने थापतात. त्याच्या उंचवट्यांवर खोलीतील खरा उजेड पडतो व डोळा लाटेबरोबर चालू लागतो.

इंग्रज चित्रकार टर्नर याने १८४० साली गुलामांच्या जहाजाचे चित्र प्रदर्शित केले. १७८१ साली ‘झाँग’ जहाजावरील १३० हून अधिक आफ्रिकी माणसे समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी त्यांच्या विम्याची रक्कम मागितली होती. अशा क्रौर्याचे हे चित्र आहे. प्रथम दिसतो तो तांबडापिवळा सूर्यास्त. मग खवळलेल्या पाण्यातून बेडी अडकलेला पाय वर येतो. रंगांचे सारे कौशल्य तेथे साक्षीदार होते.

आपल्या घरांतून महाडची चित्रे असतात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आम्ही पाहिलेल्या बहुतेक चित्रांत त्यांची मुद्रा मनःपूर्वक रंगविलेली आहे. पाणी मात्र निळ्या पट्ट्यासारखे निश्चल. ज्या पाण्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, पण आपल्या माणसांना होता, ते पाणी त्या दिवशी हलले. ते हलताना दिसले पाहिजे.

येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना तळे ठाऊक नाही, समुद्र ठाऊक आहे. त्यांना किनाऱ्यावर बसवून पाणी निरखावयास शिकवावे, हाती कुंचला द्यावा आणि मग महाड रंगवावयास सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!