जो बदलत नाही, त्याला केलेलं आर्जव

नवी दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीच्या संध्याकाळी ‘बीटिंग रिट्रीट’ होतं. त्यात लष्करी बँड वर्षानुवर्षं एका ख्रिस्ती गीताची धून वाजवत असत. गीताचं नाव ‘अबाइड विथ मी’. महात्मा गांधींचं हे आवडतं गीत. २०२२ साली ते कार्यक्रमातून वगळलं गेलं आणि वाद पेटला. इंग्रजी अमलाची खूण की गांधींची आठवण, यावर भरपूर शाई खर्च झाली. गीतात मागितलंय काय, याची चौकशी फारशी झाली नाही.

ते लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट १७९३ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. वडील सैन्यात होते. मुलाला आयर्लंडमधल्या शाळेत घालायची तजवीज करून त्यांनी संसाराकडे पाठ फिरवली. आई लंडनला गेली; ती आणि धाकटा भाऊ तिथेच वारले. पोरक्या हेन्रीची फी शाळेच्या मुख्याध्यापकांनी भरली, सुट्टीत त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. बापाचाच भरवसा नाही हे ज्याने लहानपणी पाहिलं, त्याने पुढे आयुष्यभर देवाला पिता म्हणायचं, ही काही सोपी गोष्ट नव्हे.

१८२४ पासून लाइट डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या बंदरात पाळक होता. क्षयाने शरीर पोखरलेलं. इंग्लंडचा हिवाळा सोसेना, म्हणून तो दक्षिणेच्या उबदार हवेत जाऊन राही. सप्टेंबर १८४७ मध्ये त्याने ब्रिक्सहॅममधलं शेवटचं प्रवचन केलं. त्याच सुमारास हे गीत त्याने घरच्यांच्या हाती दिलं, असं सांगतात. काहींच्या मते ते बऱ्याच आधी, मरणाला टेकलेल्या एका मित्राच्या उशाशी सुचलं होतं. प्रवचनानंतर तो पुन्हा दक्षिणेकडे निघाला. नीस शहरापर्यंत पोचला आणि २० नोव्हेंबरला तिथेच गेला.

ज्याला उद्देशून हे गीत आहे तो देव बदलत नाही, ही ख्रिस्ती श्रद्धेची जुनी शिकवण आहे. जुन्या करारात मलाखी तेच सांगतो, नव्या करारात याकोबाचं पत्रही. मध्ययुगात थॉमस अक्वायनसने त्यावर काटेकोर तर्क रचला. पण नुसतं न बदलणं काय कामाचं? डोंगरही बदलत नाही, म्हणून तो रात्री आजाऱ्यापाशी येऊन बसत नाही.

लाइटने नेमकी हीच अडचण ओळखली असावी. त्याने आधार घेतला लूककृत शुभवर्तमानातल्या अम्माऊसच्या वाटेचा. दोन शिष्य एका अनोळखी वाटसरूला म्हणतात, दिवस कलला आहे, आमच्याकडे मुक्कामाला या. तो पुनरुत्थित येशू असतो, हे त्यांना भाकर मोडताना कळतं. लाइट भोवती सगळं झिजताना, सरताना पाहतो आणि जो बदलत नाही त्यालाच म्हणतो, ‘अबाइड विथ मी’, माझ्यापाशी थांब. सगळं पूर्ववत कर, असं तो म्हणत नाही. बरं कर, असंही नाही. त्याला हवी आहे सोबत, आणि ती अशा कोणाची, की जो अर्ध्यावर सोडून जाणार नाही.

लाइटने या शब्दांना स्वतः चाल लावली होती. ती मागे पडली. जग गाते ती चाल विल्यम हेन्री मंकची, १८६१ सालची. इंग्लंडमध्ये एफए कप फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी १९२७ पासून ती गायली जाते. चर्चची पायरी एरवी न चढणारे कितीतरी प्रेक्षकही, गळ्यात आपापल्या संघाचे मफलर घालून, त्या क्षयी पाळकाचं आर्जव मोठ्याने म्हणतात, आणि मग सामना सुरू होतो.