शाळेला सुट्टी, घराला नाही
(पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली, तेव्हा हा पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असेच आपण सर्वांनी मानले होते. मध्यंतरी काही वर्ग उघडले आणि पुन्हा मिटले. ऑक्टोबर 2021 मध्ये ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरू लागले, तोवर दीड वर्ष सरले होते. शहरातली कितीतरी बालके शाळेची पायरी न चढताच पहिलीतून दुसरीत गेली.

हा विषय आज कशाला, असे कुणी विचारील. शाळा आजही बंद पडतात. अतिवृष्टीचा इशारा आला की कोकणात, मुंबईत प्रशासन सुट्टी जाहीर करते आणि दुसऱ्या क्षणी मूल मोबाइल घेऊन कोपरा गाठते.

त्या दीड वर्षात उच्चविद्याविभूषित पालक मला विचारीत, "सर, आम्ही घरी काय शिकवणार?" या प्रश्नाने मी अस्वस्थ होत असे. मुलाचे शिक्षण आपण शुल्क भरून इतके शाळेच्या स्वाधीन केले आहे की, आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे याचाच विसर पडला. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत होती. सोळा सव्वा वीस! म्हणजे 160 रुपये किलोची तूरडाळ सव्वा किलो घेतली की 200 रुपये. हे गणित स्वयंपाकघरात, डबे भरताना शिकवता येते. त्याला फळा लागत नाही. डाळ निवडणारी आजी अपूर्णांक शिकवू शकते, फक्त तिला कुणी तसे सांगितलेले नाही.

तीच गोष्ट पाठांतराची. पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींनी वेद पिढ्यानपिढ्या मुखातून मुखात जतन झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अंदमानच्या कारागृहात कागद-लेखणीवाचून 'कमला' रचले आणि कंठस्थ ठेवले. त्याच कारागृहात त्यांनी निरक्षर बंदिवानांना अक्षरओळख करून देण्याची खटपट केली. तेथे नेटवर्क नव्हते, एवढेच आपल्या लक्षात आणून देतो! रोज चार ओळी मुलाने पाठ कराव्यात, पण आईवडिलांनीही त्याच ओळी पाठ करून त्याला म्हणून दाखवाव्यात. एकट्याने केलेले पाठांतर मुलाला शिक्षा वाटते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. आपण सभेत त्यावर टाळ्या वाजवतो आणि घरी मुलाशी अर्धे इंग्रजी बोलतो. सुट्टीच्या दिवशी तरी आजोबांच्या तोंडून गावाची, शेताची, पूर्वजांची हकीकत मुलाने ऐकावी आणि मराठीत लिहून काढावी.

आता एक कटू गोष्ट. टाळेबंदीत आमच्या वसाहतीतील प्रत्येक घराने आपल्या मुलासाठी स्वतंत्र मोबाइल घेतला. पहारेकऱ्याच्या दोन मुलांचे काय, हे विचारण्याचे मलाही चार महिने सुचले नाही. मी शिक्षक आणि कार्यकर्ता, दोन्ही म्हणवून घेतो! जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. तिला मोबाइलची गरज नव्हती, दूरदर्शन संच पुरेसा होता. तो आमच्या घरी होता, त्यांच्या खोलीत नव्हता. अखेर खिडकी उघडून संच तिकडे वळवला आणि ती मुले अंगणात अंतर राखून बसू लागली. धाकट्याला तोवर जोडाक्षरे विसरायला झाली होती. 'हिंदू समाज एक' असे आपण म्हणतो, तेव्हा ती दोन मुले मला आठवतात.

म्हणून विनंती अशी. येत्या पावसाळ्यात सुट्टी जाहीर झाली की सकाळी दहा वाजता ज्यांना शक्य असेल त्यांनी दार उघडे ठेवून सतरंजी अंथरावी. आपले मूल, शेजारचे मूल आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचे मूल, तिघेही एकत्र बसतील. दोन तास पुरेत. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी पाच मुलांपुरती जागा आहे, त्यांनी जाताना तीत नाव आणि पत्ता लिहावा.