दुचाकीचा पुढचा दिवा आणि बिघाडाचा माग

आदिलाबादहून उटनूरकडे जाणारा रस्ता जंगलातून जात असल्याने रात्री दुचाकीस्वाराची सारी भिस्त पुढच्या दिव्यावर, म्हणजे हेडलाइटवर असते. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच हा दिवा आपोआप लागतो. त्यामुळे तो लागला नाही, तर बिघाड दिवसाही ध्यानात येतो.

बिघाड शोधताना बल्ब बदलण्याची घाई व्यर्थ ठरते. अनेक जुन्या गाड्यांत दिव्याला वीज बॅटरीतून नव्हे, तर इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटोतून थेट मिळते. म्हणून इंजिन मंद चालताना प्रकाश मंदावणे हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. बल्ब वारंवार उडत असेल, तर व्होल्टेज मर्यादेत राखणाऱ्या रेग्युलेटरवर संशय घ्यावा. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यात मात्र इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरने साधारण १४ व्होल्ट दिसूनही प्रकाश मंदच राहिला, तर पावसाळी ओलाव्याने गंजलेले अर्थिंग, म्हणजे वीज परतण्याचा सांगाड्याशी जोडलेला मार्ग, किंवा करपलेला होल्डर तपासावा. फ्यूज उडाल्यास त्याजागी साधी तार बसवण्याची प्रथा घातक आहे, कारण तारांचे आवरण पेटू शकते.