व्हिंडोलांडाच्या मातीतली पत्रं

उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ व्हिंडोलांडा हा रोमन लष्करी तळ आहे. १९७३ साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना इथल्या ओल्या मातीत लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले. त्यांवर चक्क शाईनं लिहिलेलं! हवाच न लागल्यानं ते कुजले नव्हते. त्यातलं एक पत्र मला फार मोलाचं वाटतं. क्लॉडिया सेवेरानं आपली मैत्रीण, तळप्रमुखाची बायको लेपिडिना हिला ११ सप्टेंबरला वाढदिवसाचं बोलावणं धाडलंय. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळींत माया सेवेराची, अक्षरही तिचंच; तितकंसं सफाईदार नसलेलं. जवळच्या मॅग्ना या रोमन तळावरही २०२३पासून खोदकाम चालू आहे. तिथं अलीकडे तीस सेंटिमीटरहून लांब चामडी जोडे निघाले. मात्र बदलत्या हवामानात तिथली माती सुकतेय आणि तिच्यात हवा शिरतेय, म्हणून खोदकामाला उशीर चालणार नाही.