थांबेल की चालतच राहील?

कागद-पेन्सिल घ्या. 3524 चे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला 6174 येतं आणि पुढे तेच येत राहतं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा हा शोध. चारही अंक सारखे नसले आणि उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावलं, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात खेपांत इथेच पोहोचते. कॉलेजातलं एखादं पोरगंही संगणकावर सगळ्या संख्या तपासू शकेल, इतक्या त्या मोजक्या!

आता दुसरा खेळ. सम संख्या अर्धी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. उत्तरावर पुन्हा तेच. प्रत्येक संख्या शेवटी 1 वर येतेच का? आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

असे खेळ म्हणजे संगणकासाठी छोटे प्रोग्रामच. पण कुठलाही प्रोग्राम दिला, तरी तो थांबेल की अखंड चालेल हे अचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी 1936 मध्ये दाखवलं. कृत्रिम बुद्धिमत्ता हाही प्रोग्रामच. तिची यातून सुटका नाही. ठरावीक प्रोग्रामची खात्री मात्र देता येते. कधीच न थांबणं हीही एक चूकच असू शकते; तेव्हा ‘आमचं यंत्र कुठल्याही प्रोग्राममधली प्रत्येक चूक हेरतं’ अशी जाहिरात दिसली, तर खुशाल दुर्लक्ष करा.